थांबा, वाचूया

जमीलाआपांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग असतं. गेल्या गुरुवारपासून ते माझ्या पर्समध्ये आहे, आणि ते परत करायचं आहे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो ताईत वाटला होता. आमच्या मारतहळ्ळीच्या सोसायटीत त्या नव्यानं राहायला आल्या होत्या, मुलाकडे, आमच्या समोरच्या दारात. ओळख म्हणून मी चॉकलेटं घेऊन गेले. आमच्या सोसायटीत दर आठवड्याला कुणाचा तरी मुलगा परदेशातून येतो आणि सगळ्या मजल्यांवर चॉकलेटं वाटली जातात. मी पुडा पुढे केला. त्यांनी तो ताईत उचलला, पुड्याच्या पाठीवर धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "थांबा, वाचूया."

आणि वाचलं. मोठ्यानं. साखर, कोको, दुधाची पावडर, मग कसलेसे नंबर, मग वजन, मग कारखान्याचा पत्ता, पिन कोडसकट. मी उंबऱ्यावर उभी. शेवटी पुडा माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "ह्यात एक पदार्थ आहे तो झाडाचाही असतो, चरबीचाही असतो. कुणाची चरबी ते लिहिलेलं नाही. कंपनीनं सांगितलं नाही म्हणजे आपण खाल्लं नाही. चहा घेणार?"

मला राग आला होता. चहा चांगला होता म्हणून बसले.

जमीलाआपा म्हणजे जमीला मुजावर. निपाणीला मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं, मराठीतून. डुकराचा अंश पोटात जाऊ नये म्हणून त्या जेवढं वाचतात तेवढं मी बी.ए.ला वाचलं नव्हतं. जेली आणि जिलेटिन तर झालंच, पण पावाला लावलेली चकाकी, दाढीच्या ब्रशाचे केस, मुलाच्या ऑफिसच्या बुटांचं आतलं अस्तर, सगळं भिंगाखालून जातं. देशी पुड्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका दिसला की त्यांचा चेहरा उतरतो. वाचायला काही उरत नाही ना.

एकदा मी कौतुकानं त्यांना माझी व्हिटॅमिनची कॅप्सूल दाखवली. त्यांनी तिचं टरफल कशाचं असतं ते सांगितलं. त्यात डुक्कर नसेल तर दुसरं कोण असेल तेही सांगितलं. त्या दिवसापासून माझी व्हिटॅमिन बंद आहेत.

तसं मला हसायचा हक्क नाही. सांगलीला तरुणपणी मी स्वतः इतकी सोवळी होते की बेकरीवरून जाताना नाकाला पदर लावायची. सासूबाई चारचौघांत माझं कौतुक करायच्या. आणि दर शनिवारी ही सोवळी सून शिवणाच्या क्लासला म्हणून बाहेर पडायची आणि मैत्रिणीच्या घरी दोन अंड्यांचं ऑम्लेट खाऊन, वर वेलदोडा चघळत परत यायची. नाकाला पदर लावूनच. त्या पोरीला आज भेटले तर मी तिचा पदर ओढून विचारीन, बाई गं, हे नाटक नेमकं कुणासाठी?

आपांचं नाटक नव्हतं. घरात कुणी नसतानाही त्या मोठ्यानं वाचायच्या. समोरच्या दारातून मला ऐकू यायचं.

त्याचं कारण मला कळलं ते सोसायटीच्या जेवणात. प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा होता. आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोन्नम्मा कूर्गच्या. त्यांनी त्यांची पंदी करी आणली, म्हणजे डुकराच्या मटणाची काळीभोर, आंबट करी. सभ्य बाई. पातेलं टेबलाच्या अगदी टोकाला ठेवलं, डावाला लाल दोरा बांधला, की तो दुसऱ्या भांड्यात जाऊ नये, आणि स्वतः पहारा देत बसल्या. आपा दुसऱ्या टोकाला. दोघींमध्ये आमची कोशिंबीर आणि कुणाचे तरी नूडल्स. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात माझ्या जावयाला जिज्ञासा झाली.

निखिल नागपूरचा आहे आणि आयटीत आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत लॉजिक लागतं. "आंटी," तो म्हणाला, "पूर्वीचं ठीक होतं. आता फार्म एकदम हायजिनिक असतात. तपासतात, फ्रीझ करतात, नीट शिजवतात. मग न खाण्यामागे लॉजिक काय उरलं?"

टेबलावरचे चमचे थांबले. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती पोन्नम्मांना लागली.

आपांनी नूडल्समधला एक लांबलचक दोरा काट्यावर उचलून उभा धरला. "हा पट्टकृमी," त्या म्हणाल्या. वर्गातला आवाज. "ह्याची पिल्लं डुकराच्या मांसात साबुदाण्यासारखी बसलेली असतात. मांस कच्चं राहिलं की माणसाच्या आतड्यात हा असा वाढतो. असा. आणि ह्याची अंडी पोटात गेली तर त्यातून निघालेली पिल्लं मेंदूपर्यंत जातात. अंडी मात्र न धुतलेल्या पालेभाजीतूनही जातात, तेव्हा शाकाहारी लोकांनी फार खूश होऊ नये." हे माझ्याकडे बघून. मी कोशिंबीर खाली ठेवली. नूडल्स त्या दिवशी कुणीच खाल्ले नाहीत.

"पण आता ते सगळं तपासतात ना," निखिल म्हणाला. नागपूरचा माणूस हटत नाही.

आपांनी काटा खाली ठेवला. "जावईबापू, तुम्ही मुजावरसाहेबांसारखं बोलायला लागलात," त्या म्हणाल्या. "आमचे साहेब तंबाखूच्या वखारीत होते. शाळा बेताचीच. मी वर्गात हे सगळं शिकवून घरी यायची आणि त्यांना अभिमानानं सांगायची की बघा, आपल्या धर्मात केवढं विज्ञान आहे. ते शांतपणे विचारायचे, 'आणि जंत नसते तर खाल्लं असतंस व्हय?'"

"मग तुम्ही काय उत्तर द्यायचा?"

"मी चहा टाकायची."

सगळे हसले. पोन्नम्मासुद्धा, शब्द न कळता, पाय चोळत.

"त्यांचं म्हणणं सोपं होतं," आपा म्हणाल्या. "अल्लानं नको म्हटलंय, आपण खात नाही. कारण विचारायला तो काय तुझा हेडमास्तर आहे, म्हणायचे. कारण माझ्यासाठी होतं. त्यांना हुकूम पुरत होता. फक्त त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून घरात येणारा प्रत्येक पुडा मी वाचून दाखवायची. पत्त्यासकट. ते डोळे मिटून ऐकायचे. शेवटी विचारायचे, 'वाचलंस?' मी म्हणायची, वाचलं. 'ठीक आहे?' ठीक आहे. मग बिस्किट तोंडात."

एवढं सांगून त्या उठल्या आणि आपला डबा धुवायला गेल्या. साहेब बेळगावच्या दवाखान्यात वारले आणि त्यानंतर मुलानं आपांना इथं आणलं, इतकंच मला माहीत होतं.

गुरुवारी सकाळी माझ्या दारावरची बेल वाजली आणि वाजतच राहिली. उघडलं तर आपा. एक हात चौकटीला, दुसरा बेलवर. डावा पाय सुजून भोपळ्यासारखा झालेला. "सुमनताई," त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला की मी त्यांना धरून खालीच बसवलं. श्वास लागला होता. ओठ निळसर दिसत होते.

मुलगा इरफान व्हाइटफील्डच्या ऑफिसात. सून हैदराबादला. निखिल आणि माझी लेक केव्हाच बाहेर पडलेली. मी पोन्नम्मांना फोन केला. त्या गाऊनवर ओढणी घेऊन खाली आल्या, हातात गाडीची किल्ली. "बेगा बन्नी," म्हणाल्या, लवकर चला, आणि आपांना दुसऱ्या बाजूनं उचलून धरलं.

गाडीत आरशाला सुगंधाची एक बारकी बाटली लटकत होती. सिग्नलला गाडी थांबली तशी ती हलली. आपांचा हात आपसूक वर गेला. "थांबा," त्या म्हणाल्या. 'वाचूया' म्हणायला दम उरला नव्हता. तेव्हा मी खरी घाबरले.

दवाखान्यात डॉक्टर होती एक तरुण मुलगी, माझ्या नातीपेक्षा थोडीशीच मोठी. रक्त घेतलं, मशीन लावलं, स्कॅन केला आणि मला बाजूला घेऊन तिनं सांगितलं की पायात रक्ताची गुठळी झाली आहे, तिचा एक तुकडा फुप्फुसात जाऊन बसला आहे, आणि दुसरा जायच्या आत रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू करायला हवं. पोटावर टोचायचं. आत्ता. नर्सनं ट्रेमध्ये एक छोटा खोका आणला.

आपा ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाल्या, "थांबा."

डॉक्टर हसली. तिला वाटलं म्हातारी सुईला घाबरते. आपांनी मास्क बाजूला सारला, भिंग उचललं आणि खोका डोळ्यांशी धरला. ह्या वेळी मोठ्यानं वाचलं नाही. एका ओळीवर भिंग थांबलं. मग त्यांनी खोका उलटा करून पांघरुणावर ठेवला.

"हे नको," म्हणाल्या.

मी खोका उचलला. बारीक अक्षर, माझा चष्मा घरी. पण ती ओळ काय असणार ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं. डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली हो, हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. दुसरं एक मिळतं, कारखान्यात बनवलेलं, त्यात जनावर नाही. पण आजींच्या किडन्या आधीच अशक्त आहेत, त्यांना ते झेपणार नाही. "अज्जी," ती आपांकडे वळली, "फार वेळ नाही आपल्याकडे."

इरफानला फोन लावला. तो आउटर रिंग रोडवर अडकला होता, मागं हॉर्नचा गजर. मी फोन आपांच्या कानाशी धरला. तो ओरडतच होता, मलाही ऐकू येत होतं. "अम्मी, घे ते. मजबुरीत चालतं. तूच शिकवलंयस मला."

"मला माहीत आहे," आपा म्हणाल्या. "गाडी हळू चालव." आणि फोन माझ्या हातात दिला.

मशीन टिकटिक करत होतं. त्यावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली चालला होता आणि दर वेळी तो उतरला की डॉक्टर त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. पडद्याशी पोन्नम्मा उभ्या, ओठातल्या ओठात त्यांच्या कावेरम्मा देवीला काहीतरी सांगत. वीस वर्षांची सुमन इथं असती तर तिनं पदर नाकाला लावून पळ काढला असता. मला गुडघ्यांमुळे पळता येत नाही. मी स्टूल ओढून बसले आणि जे येत होतं ते बोलत सुटले. म्हटलं, आपा, देव इतका बारीक हिशोब ठेवत नाही. म्हटलं, माझ्या पोटात इतकी वर्षं ती कॅप्सूल गेली, मी अजून हिंदूच आहे. म्हटलं, तुमच्या पुस्तकातही काहीतरी सवलत असेलच.

"ते मला सांगू नका," आपा म्हणाल्या. एकेक शब्द श्वासावर ठेवून. "जिथं मनाई लिहिली आहे तिथंच लगेच पुढं आहे. जो लाचार आहे, ज्याला हौस नाही, जो गरजेपुरतंच घेतो, त्याच्यावर गुन्हा नाही. मनाई आणि माफी एकाच दमात. मला पाठ आहे."

"मग अडलंय कुठं?"

त्या छताकडे बघत राहिल्या. मास्कमध्ये धुकं यायचं आणि जायचं.

"बेळगावला साहेबांनाही हेच दिलं होतं," त्या म्हणाल्या. "हेच. दुसऱ्या कंपनीचं. नर्सनं खोका माझ्या हातात दिला. मी वाचला. ते पलंगावरून बघत होते. 'वाचलंस?' म्हणाले. मी म्हटलं, वाचलं. 'ठीक आहे?' मी म्हटलं, ठीक आहे."

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"माफी होतीच, सुमनताई. पण ती त्यांची होती. त्यांनी मागायची, त्यांनी घ्यायची. ती मी परस्पर घेतली. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, ह्या भीतीनं. आणि तरी गेलेच ते. आता तेच औषध मी वाचून, समजून, माझ्या जिवासाठी हो म्हणू? वर गेल्यावर त्यांनी विचारलं, तुला वाचून, समजून घेता आलं, मला का नाही विचारलंस, तर तिथं काय चहा टाकू?"

डॉक्टरला मराठी येत नव्हतं. तिच्या हातातली सिरिंज भरून तयार होती. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आंटी, प्लीज."

सल्ला द्यायची मला जन्मभराची खोड आहे, पण त्या वेळी एकही सापडेना. सापडली ती एक शंकाच.

"आपा," मी म्हटलं, "त्या दिवशी खोका साहेबांना वाचून दाखवलात का? मोठ्यानं?"

"कसा दाखवणार?"

"वजन? तारीख?"

"नाही."

"कारखान्याचा पत्ता?"

त्यांनी मान हलवली.

"म्हणजे बघा," मी म्हटलं, "ज्या बाईनं लग्नापासून एका बिस्किटाच्या पुड्याचा पिन कोड सोडला नाही, ती त्या दिवशी एक खोका मनातल्या मनात वाचते आणि नुसतं ठीक आहे म्हणते. आणि साहेबांना काही कळलं नाही? तंबाखूच्या पानाचा वास घेऊन माल कुठल्या गावचा ते सांगणारा माणूस तो, असं तुम्हीच सांगता. त्यांना बायकोची गप्प बसलेली जीभ ओळखता आली नसेल?"

आपांनी मान माझ्याकडे वळवली. मग त्यांनी मास्क जरासा उचलला.

"त्यांनी माझा हात दाबला होता," त्या म्हणाल्या. "ठीक आहे म्हटल्यावर. घट्ट. मला वाटलं दुखतंय त्यांना. मी नर्सला म्हटलंसुद्धा, हळू टोचा." मास्कमधून एक श्वास घेतला. "नर्स म्हणाली, अजून टोचलं कुठंय."

पोन्नम्मांना मराठी कळत नाही, पण त्यांनी पडद्याचं टोक डोळ्यांना लावलं.

आपांनी गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला. तो मास्कच्या नळीत अडकला, तो मी सोडवला. भिंग माझ्या तळहातावर ठेवून त्या म्हणाल्या, "वाचा. मोठ्यानं."

"आपा, वेळ..."

"वाचा."

मी डॉक्टरला म्हटलं, एकच मिनिट. "सरी," म्हणजे बरं, ती म्हणाली, पण पोटावरची जागा कापसानं पुसायला लागली. मी खोका धरला. माझं इंग्रजी सांगलीचं, त्यात ती औषधाची नावं. पहिलंच नाव तीनदा अडखळलं. आपा डोळे मिटून ऐकत होत्या. एवढं झालं तरी माझा एक उच्चार त्यांनी सुधारला. मग ती ओळ आली. माझा आवाज थांबला.

"पुढं," आपा म्हणाल्या.

मी वाचली. डुक्कर, आतडं, अस्तर, सगळं. तिथून पुढं मात्रा, तारीख, थंड जागी ठेवा, मुलांपासून दूर ठेवा, कारखान्याचं गाव, तालुका, जिल्हा. शेवटी पिन कोड, एकेक आकडा सुटा.

"वाचलंत?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"वाचलं."

"ठीक आहे?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

आपांनी माझा हात घट्ट दाबला. मी डॉक्टरकडे पाहिलं. सुई अजून तिच्या हातातच होती.